कोळी चावलेल्या मांजरीची घरची शुश्रूषा: आधी वाटी बघा, मग जखम

आमच्या भुरीला कोळी चावला तेव्हा ती सहा वर्षांची होती, वजन ४.२ किलो. पुठ्ठ्याच्या जुन्या खोक्यांच्या मागे पंजा घालून ती बराच वेळ काहीतरी उकरत होती. मी खोकी सरकवली तर तिथे तपकिरी, लांब पायांचा एक कोळी अर्धमेला पडलेला. घरात सुटू नये म्हणून तो झाकणाच्या बाटलीत घातला आणि विसरले. भुरी चावल्यासारखं काहीच वागली नाही. संध्याकाळी डाव्या मागच्या पायाने जरा लंगडली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला एकाच जागी चाटत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागा गरम, सुजलेली होती, मधे निळसर पांढरा फोड होता, आणि हात लावल्यावर आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर गुरगुरली.

बाटली घेऊनच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं. बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असतात, याला सहाच होते, दोन-दोनच्या तीन जोड्या. पाठीवर व्हायोलिनसारखी गडद खूण. रेक्लूज जातीचा कोळी. तो सापडला हे आमचं भाग्य, कारण बहुतेकांना कोळी दिसतच नाही. नुसत्या जखमेवरून कोळ्याचं नाव सांगता येत नाही. दुसऱ्या मांजरीशी भांडताना दात लागून झालेलं गळूही असंच दिसतं, आणि त्याचा उपचार वेगळा असतो. तेव्हा कोळी मेलेला, चिरडलेला, कसाही मिळाला तरी टाकू नका. मिळाला नसेल तर "कोळीच चावला" असं डॉक्टरांच्या गळी उतरवू नका. काय दिसलं, कधी दिसलं एवढंच सांगा.

चावल्याचं कळताच घरी करायचं फार थोडं असतं. मांजर शांत ठेवायचं, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं त्या जागेवर धरायचा (ते धरू देत असेल तरच), आणि निघायचं. चीर देणं, विष चोखणं, वर करकचून बांधणं, शेक देणं यातलं काहीही करू नका. शेकाने रेक्लूजची जखम उलट चिघळते.

इथून पुढचं सगळं मी डॉक्टरांकडून घरी परतल्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिते आहे. खरी कसोटी तिथे असते आणि तिथेच माझी मोठी चूक झाली.

विष कुठलं, त्यावर काळजी कुठली

घरच्या मांजरीच्या दृष्टीने दोन तऱ्हा लक्षात ठेवा. रेक्लूजचं विष कातडी आणि तिच्याखालचं मांस मारतं. चावताना फारसं दुखत नाही, मग फोड येतो, मधला भाग काळा पडतो आणि कडक खपली धरते. ती दोन ते पाच आठवड्यांनी सुटते आणि खाली खड्डा उरतो. काही मांजरांत हेच विष रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. हे सहसा पहिल्या एक ते तीन दिवसांत कळतं, म्हणून त्या दिवसांत लघवीवर नजर हवी. लाल, तपकिरी किंवा कोऱ्या चहासारखी लघवी, फिक्या किंवा पिवळट हिरड्या यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. आम्ही या दिवसांत लिटर ट्रेमध्ये पांढऱ्या कागदाचे कपटे टाकले होते. रंग लगेच कळतो आणि उघड्या जखमेत मातीचे कण जात नाहीत.

दुसरी तऱ्हा विडो जातीच्या कोळ्यांची, म्हणजे काळी, पोटावर लाल खूण असलेली मादी. तिचं विष नसांच्या टोकांवर काम करतं. स्नायू आवळतात, पोट फळीसारखं घट्ट होतं, लाळ गळते, उलट्या होतात, मांजर वेदनेने ओरडतं आणि पुढे अंगातली ताकद जाऊन लुळं पडतं. जखम मात्र बघायलाही सापडत नाही. प्रत्येक विष प्रत्येक प्राण्यावर सारखं चालत नाही. ऑस्ट्रेलियातला सिडनी फनेल-वेब माणसाचा जीव घेऊ शकतो, पण मांजर त्याच्या विषाला बऱ्यापैकी तोंड देतं. विडोच्या बाबतीत उलट आहे, मांजर त्या विषापुढे फार नाजूक. यावर प्रतिविष असतं, पण ते घोड्याच्या रक्तापासून बनवतात, म्हणून दिल्यावर पुढचे दोन आठवडे ताप, अंगावर गांधी, सांधे सुजणं याकडे लक्ष ठेवायचं. अशा मांजराच्या पायांत ताकद यायला आठवडेही लागतात. ते पडून असेल तर दर चार तासांनी कूस बदला, खाली मऊ आणि कोरडं अंथरा, गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. लघवी आपण दाबून काढायची असेल तर ती डॉक्टरांनी स्वतः शिकवल्याशिवाय करू नका. आणि ज्याला नीट गिळता येत नाही त्याच्या तोंडात सिरिंजने काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं.

भुरीची केस पहिल्या तऱ्हेची होती. पुढचा अनुभव तिचा आहे, पण खाण्याबद्दलचं जे सांगते ते दोन्हींना लागू आहे.

वाटी

तिसऱ्या दिवसापासून मी जखमेच्या मागे लागले. सकाळ-संध्याकाळ फोटो, काळा भाग किती पसरला, कडा लाल आहेत का. घरातले सगळे तेच विचारायचे. भुरी कोपऱ्यात बसून असायची. वाटीतलं खाणं जरा कमी झालेलं दिसायचं, म्हणून वाटायचं खाते आहे. खरं तर ते आमचा दुसरा मांजर, काळू, येता-जाता संपवत होता. पाचव्या दिवशी मी तिला उचललं तेव्हा ती हाताला हलकी लागली. वजन ३.८ किलो. दोन दिवसांत तिच्या पोटात जवळजवळ काही गेलं नव्हतं आणि मला पत्ता नव्हता.

मांजराचं शरीर उपासाला बनलेलं नाही. खाणं थांबलं की अंगातली चरबी सुटून यकृताकडे जाते, आणि मांजराचं यकृत ती तेवढ्या वेगाने हाताळू शकत नाही. चरबी यकृतातच साठते आणि ते काम करेनासं होतं. हे काही दिवसांतच सुरू होऊ शकतं, आणि जाड मांजरांना धोका जास्त. मग कोळ्याच्या जखमेतून वाचलेलं मांजर यकृताने जातं. म्हणून माझा नियम असा: आजारी मांजराने २४ तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, आणि ४८ तासांची वाट कोणत्याही कारणाने बघायची नाही. "औषधांनी तोंड कडू झालं असेल, खाईल उद्या" ही समजूत मीच माझी घातली होती.

चार किलोच्या मांजराला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. पाकिटावर किती ग्रॅममध्ये किती कॅलरी हे लिहिलेलं असतं, त्यावरून हिशोब काढा आणि खाणं मोजून घाला, उरलेलं मोजून काढा. अंदाजाने नाही. मी स्वयंपाकाच्या लहान वजनकाट्यावर वाटीसकट मोजायचे आणि भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर लिहायचे. घरात दुसरं मांजर असेल तर आजारी मांजराची खोली वेगळी असायलाच हवी, निदान जेवणापुरती.

खायला लावण्यात मला जे उपयोगी पडलं ते असं. ओलं खाणं अंगाइतकं कोमट करायचं, म्हणजे वास सुटतो; मांजर आधी नाकाने जेवतं. पसरट ताटली घ्यायची, कारण जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर खोलगट वाटीत आपटते. थोडंसं द्यायचं, दिवसातून सहा-सात वेळा, आणि वीस मिनिटांत नाही खाल्लं तर उचलून न्यायचं. शिळं खाणं समोर पडून राहिलं की त्याचीच शिसारी येते. औषध तिच्या आवडत्या खाण्यात कालवू नका. एकदा कडू लागलं की ते खाणं कायमचं गेलं. आणि चव यावी म्हणून कांदा-लसूण असलेलं कुठलंही पाणी किंवा रस्सा देऊ नका. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि इथे कोळ्याचं विषही तेच करू शकतं.

सिरिंजने जबरदस्तीने भरवण्याची दुसरी चूकही मी केली. पाचव्या दिवशी घाबरून मी तिला टॉवेलात गुंडाळून पातळ खाणं तोंडात घातलं. दोन वेळा गेलं, तिसऱ्या वेळी नुसती ताटली दिसली तरी ती पलंगाखाली जाऊ लागली. डॉक्टरांनी ते थांबवायला सांगितलं. मळमळ होत असलेल्या जिवाला भरवत राहिलं की खाणं आणि मळमळ यांची त्याच्या डोक्यात गाठ बसते. त्यांनी मॅरोपिटंट हे मळमळीवरचं औषध दिलं आणि कानाच्या आतल्या बाजूला चोळायचं मिर्टाझापिनचं मलम दिलं. त्याने भूक लागते. ते हातमोजे घालून लावायचं, नाहीतर ते आपल्याच त्वचेतून शिरतं. सातव्या दिवशी पहाटे ताटली चाटल्याचा आवाज आला आणि मी उठून बसले. याने भागलं नसतं तर नाकातून किंवा मानेतून नळी घालायची तयारी होती. नळी म्हटलं की माणसं हाय खातात, पण ज्या मांजराला भूकच नाही त्याच्यासाठी ती रोजच्या झटापटीपेक्षा खूप कमी त्रासाची असते. डॉक्टरांनी सुचवली तर नाही म्हणू नका.

पाण्याचं थोडक्यात: एका किलोला दिवसाला साधारण ५० मिलीलीटर, ओल्या खाण्यातलं पाणी धरून. कातडी चिमटीत धरून सोडल्यावर उंच राहत असेल, हिरड्या चिकट लागत असतील तर पाणी कमी पडतंय. २४ तासांत लघवीच झाली नसेल तर, विशेषतः बोक्याच्या बाबतीत, थांबायचं नाही.

वेदना आणि औषधं

मांजर दुखणं लपवतं. ओरडत नाही म्हणजे दुखत नाही असं नसतं. मला फार उपयोगी पडलेली एक पद्धत माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली, फीलाइन ग्रिमेस स्केल. मांजराच्या चेहऱ्यावर पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळलेत का, डोळे आकसलेत का, नाकाभोवतीचा भाग ताणलाय का, मिशा सरळ ताठ पुढे आल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला ०, १ किंवा २. बेरीज दहापैकी चार किंवा जास्त आली तर वेदनेचं औषध लागतं. झोपलेलं किंवा अंग चाटत असलेलं मांजर मोजायचं नाही. भुरीची चौथ्या दिवसाची बेरीज सहा होती, आणि तिला फक्त "शांत" समजून मी समाधान मानत होते. औषधाची वेळ आणि मात्रा बदलून घेतल्यावर ती एक आणि दोनच्या मधे आली.

वेदनेसाठी तिला ब्युप्रेनॉर्फिन हे औषध होतं. ते पोटात जायला नको, गाल आणि हिरडी यांच्या मधे सोडायचं, तिथूनच ते रक्तात शिरतं. दिल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मांजर घुरघुरतं, वस्तूंना गाल घासत फिरतं. पहिल्यांदा मी घाबरून फोन केला होता. हे त्या औषधाचंच आहे.

गोळी दिली की मागून पाच-सहा मिलीलीटर पाणी किंवा घासभर खाणं द्याच. मांजराच्या अन्ननलिकेत गोळी अडकून राहते, आणि डॉक्सिसायक्लिनसारखी जंतूंवरची गोळी तिथे अडकली तर आतून जखम होऊन नळी कायमची अरुंद होऊ शकते.

आता जे सांगते ते घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. माणसांचं वेदनेचं औषध मांजराला कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल पचवायला लागणारी यकृताची यंत्रणा मांजराकडे जवळजवळ नसतेच. एका गोळीनेही त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी होतात, चेहरा सुजतो आणि ते मरतं. आयबुप्रोफेनही तसंच घातक. मेलॉक्सिकॅम हे वेदनेचं औषध मांजरासाठी वापरतात, पण पाणी कमी झालेल्या मांजराच्या मूत्रपिंडांना ते मारतं आणि स्टिरॉइडबरोबर दिलं तर पोटात व्रण होतात. दोन वेगवेगळे डॉक्टर बघत असतील तर आधी काय दिलं आहे ते प्रत्येकाला सांगा. मी औषधांच्या पाकिटांचे फोटो काढून ठेवले होते, तेच दाखवत असे.

जखम

काळी कडक खपली हाताने काढायची नाही. खालचं मांस कुठपर्यंत मेलंय हे शरीराने ठरवायचं असतं. रेक्लूजच्या जखमेत डॉक्टरसुद्धा सुरुवातीलाच कापाकापी टाळतात, कारण मेलेल्या भागाची हद्द तोवर ठरलेली नसते. भुरीची खपली एकोणिसाव्या दिवशी पट्टी बदलताना आपोआप सुटून आली. खाली अंगठ्याच्या नखाएवढा लालचुटुक, ओलसर खड्डा होता. मला तो भयंकर वाटला, डॉक्टरांना आवडला. लाल, दाणेदार, दुर्गंधी नसलेलं मांस म्हणजे भरून येणारं मांस. पिवळट-हिरवा पू, घाण वास, पुन्हा वाढणारी सूज किंवा काळी कड बाहेर सरकणं हे वाईट.

धुवायला एक लीटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून उकळून कोमट केलेलं पाणी पुरतं. रोज नवीन करायचं. त्याची धार सोडायची, कापसाने घासायचं नाही, कापसाचे धागे आत राहतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नव्या पेशींनाही मारतात. पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकं, फिनाईल, टी ट्री तेल ही तर मांजराला विषच आहेत. माणसांच्या मलमांतही मांजर चाटून मरेल अशी द्रव्यं असतात. जे लावायचं ते डॉक्टरांनी दिलेलंच.

पट्टी असेल तर मधली दोन बोटं उघडी ठेवून घ्या आणि दिवसातून तीनदा बघा. नखं एकमेकांपासून फाकली, बोटं थंड किंवा सुजलेली वाटली तर पट्टी घट्ट झाली आहे. रात्री दोन वाजलेले असले तरी कापून काढा. ओली झालेली पट्टी कोरडी होण्याची वाट बघू नका, बदला.

फोटो रोज एकदाच काढा, त्याच वेळी, त्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. मी दिवसातून पाच-सहा वेळा काढत होते, त्यातून मनाचा थरकाप सोडून काहीच हाती लागलं नाही. रोजचा एक फोटो आठवड्याने ओळीत लावला तेव्हा कळलं की जखम दहाव्या दिवसापासून लहानच होत होती.

गळ्यातली कॉलर काढायची नाही. मांजराची जीभ कानशीसारखी असते, दोन मिनिटांत आठवड्याचं काम उखडते. जेवताना समोर बसून काढली तर चालते. पण स्वतःला चाटता न येणं हे मांजरासाठी मोठं दुःख आहे. भुरी रात्री कॉलरचीच आतली बाजू चाटत बसायची, ते बघवत नसे. मग मी मऊ टूथब्रश कोमट पाण्यात भिजवून तिच्या गालावर, हनुवटीखाली, मानेवर फिरवायला लागले. आई पिल्लाला चाटते तसंच ते लागतं बहुधा. ती डोळे मिटायची, आणि आजारपणातली तिची पहिली घुरघुर मला त्या ब्रशखाली ऐकू आली. दिवसातून दोनदा पाच मिनिटं, जखमेपासून लांब.

रोज मोजायचं काय

वजन, रोज सकाळी, त्याच काट्यावर. माणसांच्या काट्यावर आपण तिला घेऊन उभं राहिलो तर शंभर ग्रॅमचा फरक कळत नाही, म्हणून लहान बाळांचा काटा किंवा टोपली ठेवता येईल असा काटा बरा. गाढ झोपेतला श्वास अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या खाली हवा. अंगाचं तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सिअस हे मांजराचं नेहमीचं, पण ते गुदद्वारातून मोजावं लागतं, तेव्हा डॉक्टरांनी दाखवलं असेल तरच. हिरडी बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हे मांजर बरं असतानाही एकदा बघून ठेवा, म्हणजे तुमच्या मांजराचा गुलाबी कसा असतो ते माहीत राहतं.

घरातलं दुसरं मांजर

याबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. भुरी दवाखान्यातून आली तेव्हा सहा वर्षं तिच्यासोबत एका टोपलीत झोपणारा काळू तिच्यावर फिस्कारला आणि अंगावर गेला. मांजरं एकमेकांना वासाने ओळखतात. औषधाचा, दवाखान्याचा वास लागलेली भुरी त्याच्यासाठी परकी होती, आणि कॉलरमुळे तिचा चेहराही नीट दिसत नव्हता. त्याला रागावून उपयोग नाही. तो तिचं खाणं संपवतोय हे कळल्यावर खोल्या वेगळ्या केल्या, एकच मऊ फडकं आधी त्याच्या गालांवर आणि मग तिच्या अंगावर फिरवलं, रोज. त्यांची अंथरुणं अदलाबदल केली. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या. खोल्या वेगळ्या केल्यापासून सहाव्या दिवशी दार फटभर उघडलं, त्याने तिचा कान हुंगला आणि शेजारी बसला.

नंतर

जखम पूर्ण मिटायला नऊ आठवडे लागले. केस तीन महिन्यांनी आले, मधला नखाएवढा भाग टक्कल राहिला आणि भोवतीचे काही केस पांढरे आले. वजन पुन्हा ४.२ व्हायला जखमेहून जास्त दिवस लागले.

ती खोकी मी काढून टाकली. कपड्यांचे, कागदांचे ढीग भिंतीला लागून ठेवत नाही, तिचं अंथरूण रोज झटकते. कोळ्यांसाठी चिकट सापळे लावायचे तर मांजराचा पंजा पोचणार नाही अशा फर्निचरखाली. कीटकनाशकाची फवारणी करून घेणार असाल तर डब्यावरचं नाव वाचा. परमेथ्रिन असेल तर नको, ते मांजराला झटके आणून मारतं, आणि कोळ्यापेक्षा कितीतरी जास्त मांजरांच्या वाट्याला ते येतं.

भुरी आता पुन्हा कोपऱ्यांत पंजे घालते. मी तिला उचलताना डाव्या मांडीला हात लावत नाही, आणि तिची ताटली वेगळ्या खोलीत, दार लावून ठेवते.